आरोप सांगणार नाही, सुटकेची तारीखही सांगणार नाही: मोहम्मद अल-कीकने ९४ दिवस उपोषण का केलं

२१ नोव्हेंबर २०१५. वेस्ट बँकमधल्या रामल्ला शहराजवळ राहणाऱ्या मोहम्मद अल-कीक नावाच्या पत्रकाराच्या घरी इस्रायली सैनिक आले आणि त्याला उचलून घेऊन गेले. वय ३३, मूळ गाव हेब्रॉनजवळचं दुरा, सौदीच्या अल-मज्द चॅनलचा बातमीदार, बायकोही पत्रकार, घरात दोन लहान मुलं. चार दिवसांनी, २५ नोव्हेंबरला त्याने जेवण बंद केलं, आणि ते पुढे ९४ दिवस बंदच राहिलं.

मी ही बातमी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला एकच प्रश्न पडला, की बाबा हा माणूस कोर्टात का नाही भांडला? वकील होते त्याच्याकडे, इस्रायलमध्ये कोर्टं आहेत, सुप्रीम कोर्ट आहे आणि ते चालतंही, मग जिवावर उदार होऊन उपाशी राहायची वेळ का आली? याचं उत्तर शोधायला गेलो आणि मग कळलं की तो कोर्टात गेलाच होता, पण तिथे भांडायचं कशाशी हेच त्याला कोणी सांगत नव्हतं. ते नीट समजावं म्हणून हा लेख लिहितोय, जरा लांब होईल, पण हा विषय दोन ओळीत सांगितला की त्यातलं खरं दुखणं निसटून जातं.

तर त्याला ज्या पद्धतीने आत ठेवलं तिला ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिटेन्शन म्हणतात. मराठीत आपल्याकडे यासाठी चांगला शब्द आहे, स्थानबद्धता. पेपरात आपण वाचतो ना, "सराईत गुन्हेगार एमपीडीएखाली स्थानबद्ध", तोच प्रकार. नेहमीच्या अटकेत काय होतं, माणसाने काहीतरी केलं असं पोलिसांचं म्हणणं असतं, मग गुन्हा नोंदवतात, चार्जशीट होते, साक्षीदार येतात, उलटतपासणी होते, शेवटी शिक्षा नाहीतर सुटका. स्थानबद्धतेत माणसाने काय केलं हा मुद्दाच नसतो, तो पुढे काय करू शकतो हा मुद्दा असतो. म्हणजे गुन्हा सिद्ध करायचा नाही, फक्त धोका आहे असं म्हणायचं. आता न घडलेल्या गोष्टीचा पुरावा कसा खोडणार? "मी उद्या काही करणार नाही" हे कोणी कसं सिद्ध करायचं?

वेस्ट बँकमध्ये १९६७ पासून इस्रायली लष्कराचा ताबा आहे, त्यामुळे तिथल्या पॅलेस्टिनी माणसाला लष्करी आदेश लागू होतात, लष्करी कोर्टं लागू होतात. यातला एक आदेश, नंबर १६५१, लष्करी कमांडरला असा अधिकार देतो की सुरक्षेसाठी गरज आहे असं मानायला वाजवी कारण असेल तर एखाद्याला सहा महिन्यांपर्यंत आत ठेवता येईल. सहा महिने संपले की अजून सहा महिने. ते संपले की अजून. हे किती वेळा करायचं याला मर्यादाच घातलेली नाही. काही लोक असे चार-चार, पाच-पाच वर्षं आत राहिलेत, एकही खटला न चालता.

आता कोणी म्हणेल की अहो पण न्यायाधीशासमोर तर नेतात ना. नेतात. ठरावीक दिवसांच्या आत लष्करी न्यायाधीशासमोर न्यावं लागतं. पण त्या खोलीत नेमकं काय होतं ते बघा. दारं बंद असतात, बाहेरच्या कोणाला प्रवेश नाही. एका बाजूला लष्कराचा वकील, त्याच्या हातात फाईल, ही फाईल शिन बेतने म्हणजे इस्रायलच्या अंतर्गत गुप्तचर संस्थेने बनवलेली असते. दुसऱ्या बाजूला आरोपी, खरं तर आरोपी पण म्हणता येत नाही कारण आरोपच नाही, आणि त्याचा वकील. यांच्या हातात एक-दोन ओळींचा सारांश, अमक्या संघटनेशी संबंध, सुरक्षेला धोका, एवढंच. मग वकील प्रश्न विचारतो, संबंध म्हणजे काय, कधीपासून, कोण सांगतंय? उत्तर येतं, ते गोपनीय साहित्यात आहे. मग वकील अजून एक प्रश्न विचारतो, परत तेच उत्तर. शेवटी वकील आणि त्याच्या माणसाला बाहेर जायला सांगतात आणि न्यायाधीश ती फाईल लष्कराच्या लोकांबरोबर बसून वाचतो. फाईलमधला खबऱ्या खोटं बोलत असेल, नावात गोंधळ असेल, ज्या दिवशी कुठे गेला म्हणून लिहिलंय त्या दिवशी हा माणूस बहिणीच्या लग्नात असेल, हे सांगू शकणारा एकच जण असतो आणि तोच खोलीबाहेर बसलेला असतो.

इस्रायल सरकारचं यावर म्हणणं आहे, आणि ते सांगितलं पाहिजे. ते म्हणतात की खबऱ्यांची नावं उघड झाली तर ते मारले जातील, हल्ला व्हायच्या आधी थांबवायचा असेल तर खटल्याची वाट बघत बसता येत नाही. अल-कीकबद्दल त्यांचं म्हणणं होतं की तो हमासच्या कामात गुंतलेला आहे, तो यापूर्वीही तुरुंगात जाऊन आला होता. त्याने हे नाकारलं, त्याचं म्हणणं होतं की मला पत्रकारितेमुळे धरलंय. आता यात खरं कोण हे तुम्हीआम्ही इथे बसून ठरवू शकत नाही, पण माझा मुद्दा असाय की ते ठरवायची जागा कोर्ट असते आणि नेमकी तीच जागा इथे बंद केली होती. तो खरोखर दोषी असता तरी त्याला आरोप ऐकायचा हक्क होता. दोषी माणसालाच तर खटल्याची सगळ्यात जास्त गरज असते, आणि निर्दोष माणसालाही, म्हणून तर खटला नावाची गोष्ट आहे.

आंतरराष्ट्रीय कायदा हा प्रकार पूर्ण बेकायदा ठरवत नाही हेही खरंय. चौथ्या जिनिव्हा कराराचं ७८ वं कलम ताबा घेतलेल्या प्रदेशात अशी स्थानबद्धता करायला परवानगी देतं, पण अगदीच अटळ सुरक्षेचं कारण असेल तर, म्हणजे अपवाद म्हणून. आणि अपवादाचं काय झालं ते आकडे सांगतात. पहिल्या इंतिफादाच्या म्हणजे पॅलेस्टिनी उठावाच्या काळात, १९८९ मध्ये, एका वेळी जवळपास १,८०० पॅलेस्टिनी असे आत होते. अल-कीकच्या वेळी सहाशेच्या आसपास. ऑक्टोबर २०२३ नंतर हा आकडा तीन हजारांच्या वर गेला. हजारोंनी वापरला जातो त्याला अपवाद कसं म्हणायचं?

आणि हा कायदा आला कुठून ते कळल्यावर मी थोडा वेळ गप्पच बसलो. याचं मूळ इंग्रजांचं आहे. पॅलेस्टाईन इंग्रजांच्या ताब्यात असताना त्यांनी १९४५ मध्ये तिथे आणीबाणीची नियमावली आणली, विनाखटला डांबणं, घरं पाडणं, हद्दपारी, सगळं त्यात होतं, आणि ती तेव्हा वापरली गेली ती ज्यू भूमिगत संघटनांवर. १९४६ मध्ये तेल अवीवमध्ये ज्यू वकिलांनी या नियमांविरुद्ध सभा घेतली होती. त्याच वर्षी इंग्रजांनी यित्झाक शामीर नावाच्या एका ज्यू भूमिगत नेत्याला पकडून विनाखटला थेट आफ्रिकेत एरिट्रियाच्या छावणीत पाठवलं. तो तिथून पळाला. हाच शामीर पुढे इस्रायलचा पंतप्रधान झाला, आणि १९८९ चा तो १,८०० चा आकडा त्याच्याच कारकिर्दीतला आहे.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. रौलट कायदा आपण शाळेत शिकलोय, ना वकील, ना दलील, ना अपील. त्याच इंग्रजांचं हे त्याच कपाटातलं सामान आहे. स्वातंत्र्यानंतर आपल्या घटनेतही २२ व्या कलमात प्रतिबंधात्मक स्थानबद्धता राहिलीच. आज महाराष्ट्रात १९८१ चा एमपीडीए आहे, ज्याला लोक झोपडपट्टीदादा कायदा म्हणतात, त्यात बारा महिन्यांपर्यंत आत ठेवता येतं. फरक हा की आपल्याकडे निदान कारणं लेखी द्यावी लागतात, सल्लागार मंडळासमोर जावं लागतं, आणि बारा महिने म्हणजे बारा महिने. हायकोर्टात असे आदेश नेहमी रद्द होतात ते याच लेखी कारणांमध्ये भोकं सापडतात म्हणून. हातात कागद असण्याची किंमत काय असते ते तिथे कळतं.

आमच्या जुन्या वाड्यात एक काका राहायचे, आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे विनाखटला डांबायच्या कायद्याखाली, आत गेलेले. मिसाबंदी म्हणूनच त्यांना सगळे ओळखायचे. तुरुंगातले ढेकूण, पातळ आमटी, रात्री गायलेली गाणी, सगळं ते रंगवून सांगायचे. पण एक गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. त्यांच्या बराकीत जेवण वाढायला एक शिक्षा झालेला कैदी यायचा, चोरीच्या केसमधला. तो एकदा भाकरी वाढता वाढता म्हणाला, साहेब मी या दिवाळीला घरी, तुम्ही कधी? काका म्हणायचे की त्या दिवशी ती भाकरी माझ्या घशाखाली उतरली नाही, चोराला त्याची दिवाळी माहीत होती आणि मला माझी माहीत नव्हती. मी लहान होतो, मला तेव्हा त्यात एवढं काय आहे ते कळलं नव्हतं. अल-कीकबद्दल वाचताना ते कळलं.

कारण पॅलेस्टिनी स्थानबद्ध लोकांच्या घरचे नेमकं हेच सांगतात. सहा महिने संपायला आले की घरात तयारी होते, कपडे धुऊन ठेवायचे, त्याच्या आवडीचं काहीतरी करायचं ठरवायचं, आणि शेवटच्या आठवड्यात, कधी कधी तर अगदी शेवटच्या दिवशी नवा आदेश येतो. परत सहा महिने, आणि हे वर्षानुवर्षं. शिक्षा झालेल्या माणसाला शिक्षेची सवय करता येते, याला कशाची सवय करायची?

म्हणून मग जेवण बंद. आता उपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एकतर एकादशी येते, साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, नाहीतर मैदानातला मांडव, मागे बॅनर आणि शेवटच्या दिवशी मोसंबीचा रस. हे त्यातलं काहीच नाही. तिथे याला अरबीत रिकाम्या आतड्यांची लढाई म्हणतात, आणि ती बंद खोलीत होते, आजूबाजूला फक्त पहारेकरी असतात. पोटात जातं ते पाणी आणि चिमूटभर मीठ. मीठ का, तर शरीरातलं सोडियम एकदम खाली गेलं तर माणूस उपासमारीच्या कितीतरी आधी त्यानेच जाईल. त्यामुळे पॅलेस्टाईनमध्ये मीठ-पाणी हे या उपोषणाचं चिन्हच झालंय, २०१७ मध्ये तिथे हजाराहून जास्त कैद्यांनी एकदम उपोषण केलं तेव्हा बाहेरचे लोक पाठिंबा म्हणून मिठाचं पाणी पितानाचे व्हिडिओ टाकत होते.

शरीरात काय होतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण "९४ दिवस" हा आकडा वाचून पुढे जाणं फार सोपं आहे. साधारण पहिल्या एका दिवसात यकृतात साठवलेली साखर संपते. मग शरीर चरबी जाळायला लागतं, चरबीतून कीटोन बनतात आणि मेंदू त्यावर चालतो. गंमत वाटेल पण दोन-तीन दिवसांनी भुकेच्या कळा कमी होतात, तोंडाला वास येतो, थंडी वाजते. जोडीला स्नायूही झिजत असतात, आणि हृदय हाही स्नायूच आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उठून उभं राहिलं की चक्कर, कारण रक्तदाब पडतो. मग येतो चाळीस दिवसांच्या आसपासचा टप्पा, जो डॉक्टर लोक सगळ्यात वाईट मानतात. बी-१ जीवनसत्त्व संपल्यामुळे डोळ्यांचे स्नायू ताब्यात राहत नाहीत, बुबुळं आपोआप हलत राहतात, एकाची दोन दिसतात, गरगरतं, आणि सतत उलट्या, पाणीसुद्धा गिळवत नाही. डोळ्यांचे स्नायू पूर्ण थकले की हे थांबतं आणि माणसाला जरा बरं वाटतं, पण ते बरं नसतं. त्यापुढे ऐकू कमी येणं, नजर जाणं, गुंगी, आणि मग हृदय कधीही थांबू शकतं.

१९८१ मध्ये उत्तर आयर्लंडच्या तुरुंगात दहा कैदी उपोषण करता करता मेले, त्यातला सगळ्यात लवकर ४६ दिवसांनी आणि सगळ्यात उशिरा ७३ दिवसांनी. मग अल-कीक ९४ दिवस कसा राहिला हा प्रश्न येतोच, आणि काही लोक लगेच म्हणतात की म्हणजे गुपचूप खात असणार. तसं नाही. काही उपोषणकर्ते स्वतःहून जीवनसत्त्वं, क्षार, थोडी साखर घेतात, त्याने मुदत वाढते, आणि काहींना ते जबरदस्तीने दिलं जातं. अल-कीकला जानेवारी २०१६ मध्ये अफुलाच्या हाएमेक हॉस्पिटलमध्ये पलंगाला बांधून, त्याची इच्छा नसताना सलाईनमधून द्रव दिल्याचं त्याच्या वकिलांनी सांगितलं.

इथे डॉक्टरांची गोष्ट येते, आणि मला यात ती फार महत्त्वाची वाटते. ३० जुलै २०१५ ला, म्हणजे अल-कीकला पकडायच्या चारच महिने आधी, इस्रायलच्या संसदेत ४६ विरुद्ध ४० मतांनी एक कायदा पास झाला, की उपोषण करणाऱ्या कैद्याला कोर्टाच्या परवानगीने बळजबरीने अन्न देता येईल. बळजबरी म्हणजे हातपाय बांधून नाकातून नळी पोटात घालायची. ऐकायला जीव वाचवणं वाटतं. पण १९८० मध्ये नफहा तुरुंगातल्या उपोषणाच्या वेळी असंच करताना दोन पॅलेस्टिनी कैदी गेले होते, नळी पोटाऐवजी फुप्फुसात गेली. आपल्याकडे १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात जतीन दास यांना इंग्रजांनी असंच बळजबरीने दूध पाजायचा प्रयत्न केला, तेव्हाही ते फुप्फुसात गेलं होतं, आणि उपोषणाच्या ६३ व्या दिवशी, १३ सप्टेंबरला ते गेले. पन्नास वर्षांच्या अंतराने तीच नळी आणि तीच चूक.

इस्रायलमधल्या डॉक्टरांच्याच संघटनेने, इस्रायली मेडिकल असोसिएशनने, या कायद्याला उघड विरोध केला. जगभरच्या डॉक्टरांनी १९९१ च्या माल्टा जाहीरनाम्यात हे लिहून ठेवलंय की शुद्धीवर असलेल्या, विचार करू शकणाऱ्या माणसाने नको म्हटलं तर त्याला बळजबरीने भरवायचं नाही. डॉक्टरने त्याच्याशी बोलत राहायचं, पुढे काय होईल ते सांगायचं, बेशुद्ध झालास तर काय करू हे आधी विचारून ठेवायचं. किती अवघड काम आहे हे. समोर माणूस विझतोय, हातात सलाईन आहे, आणि तो नको म्हणतोय. तरीही २०१५ मध्ये मोहम्मद अल्लान नावाच्या उपोषणकर्त्याच्या वेळी इस्रायली डॉक्टरांनी बळजबरीने भरवायला नकार दिला. कोर्टाने मात्र पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये तो कायदा योग्यच ठरवला.

या अल्लानची गोष्ट कळल्याशिवाय अल-कीक एवढा अडून का बसला ते कळत नाही. अल्लान स्वतः वकील, नाब्लुसजवळच्या गावातला, तोही स्थानबद्ध. साठ दिवसांच्या वर उपाशी राहिला, बेशुद्ध झाला, मेंदूला इजा झाल्याचं दिसलं. तेव्हा ऑगस्ट २०१५ मध्ये इस्रायलच्या सुप्रीम कोर्टाने त्याची स्थानबद्धता तात्पुरती थांबवली. रद्द नाही केली, थांबवली. अल्लानने उपोषण सोडलं, तब्येत सुधारली, आणि सप्टेंबरमध्ये हॉस्पिटलमधून बाहेर पडायची वेळ आली त्याच दिवशी त्याला परत पकडलं.

आता अल-कीकचं बघा. ४ फेब्रुवारी २०१६ ला, उपोषणाच्या ७२ व्या दिवशी, सुप्रीम कोर्टाने त्याचीही स्थानबद्धता थांबवली. कारण काय दिलं? त्याच्याविरुद्धचं साहित्य गंभीर आहे, पण आताच्या तब्येतीत त्याच्यापासून काही धोका नाही. हे वाक्य मी परत परत वाचलं. म्हणजे याने काही केलं की नाही हा प्रश्नच नाही, याच्या अंगात किती ताकद उरलीय हा प्रश्न आहे. अंगात ताकद आहे तोवर धोका, मरायला टेकला की धोका संपला, आणि बरा झाला की धोका परत चालू! माणसाने मग काय करायचं? जेवला तर अटक, नाही जेवला तर मरण.

अल-कीकने ओळखलं की हाच अल्लानवाला मार्ग आहे. त्याने उपोषण सोडलं नाही. कागदावर तो आता कैदी नव्हता पण हॉस्पिटल सोडून जायचीही मुभा नव्हती. त्याने मागणी केली की मला रामल्लाच्या हॉस्पिटलमध्ये, माझ्या माणसांत जाऊ द्या. कोर्टाने फेब्रुवारीच्या मध्यात ते नाकारलं. तोवर त्याचं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं, ऐकूही नीट येत नव्हतं. त्याच सुमाराला हॉस्पिटलमधला एक व्हिडिओ बाहेर आला, पलंगावर तो वेदनेने ओरडतोय, अंगाला झटके येतायत. ज्यांनी बघितला त्यांना वेगळं काही समजावून सांगायची गरज पडली नाही. संयुक्त राष्ट्रं, युरोपियन युनियन सगळ्यांनी काळजी व्यक्त केली, वेस्ट बँकमध्ये मोर्चे निघाले, इस्रायलच्या संसदेतले अरब खासदार हॉस्पिटलमध्ये गेले.

बायको बाहेर लढत होती, रोज मुलाखती देत होती, आणि तिच्या मनात काय चालू असेल याची मला कल्पनाही करवत नाही, कारण नवऱ्याने जेवावं असं वाटणं आणि नवऱ्याने हरू नये असं वाटणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणार.

२६ फेब्रुवारीला तडजोड झाली. काय ठरलं? त्याची स्थानबद्धता २१ मे ला संपेल आणि परत वाढवणार नाही. बस. निर्दोष ठरवलं नाही, आरोप ठेवला नाही, फाईल दाखवली नाही, माफी नाही, भरपाई नाही. ९४ दिवसांच्या बदल्यात त्याला एक तारीख मिळाली. चोराच्या दिवाळीसारखी, पक्की.

उपोषण सुटलं तरी धोका लगेच जात नाही हेही सांगून टाकतो. इतके दिवस रिकाम्या असलेल्या शरीरात एकदम जेवण गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले कितीतरी लोक पोटभर जेवण मिळाल्यावर गेले ते यामुळेच. त्यामुळे चमचा-चमचाने, रक्त तपासत तपासत, आठवडे लागतात.

हे सगळं एकट्या अल-कीकपुरतं नव्हतं. या पद्धतीच्या एकट्याच्या उपोषणाला खरं बळ आलं ते खादर अदनानमुळे, जेनिनजवळच्या अराबा गावचा बेकरीवाला, इस्लामिक जिहाद संघटनेशी जोडलेला, त्याने २०११-१२ च्या हिवाळ्यात ६६ दिवस उपोषण करून अशीच सुटकेची तारीख मिळवली. मग एकामागून एक लोकांनी तेच केलं, हाना शलबी, बिलाल कायद, हिशाम अबू हवाश १४१ दिवस, आणि बहुतेक वेळा शेवटी तेच, एक तारीख. खादर अदनान मात्र २ मे २०२३ ला तुरुंगातच गेला, ८६ दिवस उपाशी राहून. त्या वेळी त्याच्यावर आरोप ठेवलेले होते, तो स्थानबद्ध नव्हता, आणि यावेळी त्याला हॉस्पिटलमध्ये हलवलं नव्हतं. वय ४५, मागे नऊ मुलं.

पत्रकारांबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. पत्रकाराचं काम म्हणजे लोकांना भेटणं, फोन करणं, ज्यांच्याशी सरकारचं वाकडं आहे त्यांच्याशीही बोलणं. हेच "संपर्क" म्हणून गुप्त फाईलमध्ये गेलं तर ते बातमीसाठी होतं की आणखी कशासाठी हे कोण सांगणार? सांगायची संधीच नाही. आणि एक पत्रकार असा आत गेला की बाकीचे फोन करायच्या आधी दोनदा विचार करतात. सीपीजे ही पत्रकारांसाठी काम करणारी संस्था दरवर्षी १ डिसेंबरला जगात किती पत्रकार तुरुंगात आहेत ते मोजते. २०२४ मध्ये चीनमध्ये ५० होते आणि दुसऱ्या नंबरवर इस्रायल, ४३, त्यातले कितीतरी कोणताही आरोप न ठेवता आत होते.

मधल्या काळात एक गोष्ट झाली ती इथे आठवते. हा प्रकार क्वचित ज्यू वसाहतवाद्यांवरही, म्हणजे वेस्ट बँकमध्ये वसाहती करून राहणाऱ्या ज्यूंवरही वापरला जायचा, २०१५ मध्ये दुमा गावात पॅलेस्टिनी कुटुंबाचं घर जाळलं गेलं त्यानंतर काही कट्टर ज्यू तरुणांना असं विनाखटला ठेवलं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रायलचे संरक्षणमंत्री काट्झ यांनी जाहीर केलं की वेस्ट बँकमधल्या ज्यू वसाहतवाद्यांवर यापुढे हे वापरायचं नाही. पॅलेस्टिनींवर चालूच. म्हणजे विनाखटला डांबणं वाईट असतं हे त्यांना कळत नाही असं नाही.

अल-कीक १९ मे २०१६ ला सुटला, ठरलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी. घरी आला, मुलांना उचलून घेतलं, चालायला बोलायला लागला, परत लोकांत मिसळायला लागला. आठ महिने झाले. जानेवारी २०१७ मध्ये तो बेथलेहेमच्या एका निदर्शनावरून परत येत होता, इस्रायलकडे असलेले पॅलेस्टिनींचे मृतदेह घरच्यांना परत द्या यासाठीची ती निदर्शनं होती. रामल्लाजवळच्या बेत एल नाक्यावर गाडी थांबवली, त्याला उतरवून घेतलं. पुन्हा स्थानबद्धतेचा आदेश, पुन्हा गुप्त फाईल. फेब्रुवारीत त्याने पुन्हा जेवण बंद केलं.